घराण्यात कोणालाच जुळी नाहीत, मग माझ्या बहिणीला कशी?

मोगरा_मानेवाडा

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण गरोदर आहे, तिसरा महिना संपत आलाय. वय ३४, आधीची एक मुलगी शाळेत जाते. परवा बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली आणि जुळी असल्याचं कळलं. तिला आणि जावयांना आनंद झाला, धाकधूकही वाटली. दोन्ही साहजिक आहे. पण घरात जे बोलणं सुरू झालं त्यानं ती पार खचून गेली आहे.

तिचं सासर चंद्रपूरचं. चुलत सासूबाईंनी फोनवर सरळ विचारलं, "आमच्या सात पिढ्यांत जुळी नाहीत. तुमच्याकडे आहेत का?" आमच्याकडेही नाहीत. आजोळ काटोलचं, मावश्या-मामांचा मोठा गोतावळा, पण जुळं कोणालाच नाही. झालं! आता कुजबुज अशी की हिनं दवाखान्यातून गुपचूप काहीतरी औषध घेतलं असणार. तिनं फॉलिक ॲसिडशिवाय एक गोळी घेतलेली नाही, मी शपथेवर सांगते. आता ती मलाच विचारून राहिली, "ताई, खरंच, मलाच कशी झाली?" मला तिला खरं उत्तर द्यायचंय, नुसतं "देवाची कृपा" म्हणून गप्प बसवायचं नाहीये. जाणकारांनी कृपया लिहावं.

तर्री_पोहा

ताई, बहिणीचं मनापासून अभिनंदन! माझ्या ऐकण्यात असं आहे की जुळी एक पिढी सोडून येतात. पणजीला, खापरपणजीला होती का, एकदा जुन्या माणसांना विचारून पाहा.

मोगरा_मानेवाडा

विचारलं हो. आजीच्या बहिणी हयात आहेत, त्यांनाही आठवत नाही.

विज्ञान_मास्तरीण

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि दरवर्षी "घराण्यात असावं लागतं" हेच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुळी दोन अगदी वेगळ्या वाटांनी होतात, आणि घराण्याचा प्रश्न त्यातल्या एकाच वाटेला लागू पडतो.

पहिली वाट एकसारख्या जुळ्यांची. एक स्त्रीबीज, एक शुक्राणू, एकच गर्भ तयार होतो आणि पहिल्या काही दिवसांत त्या गर्भाचे दोन भाग पडून दोन बाळं वाढायला लागतात. हे जगभर दर हजार बाळंतपणांत साधारण साडेतीन ते चार वेळा होतं. नागपुरात तेवढंच, नायजेरियात तेवढंच, जपानमध्येही तेवढंच. आईचं वय, खाणंपिणं, उंची, माहेर, सासर, कशाचाही त्याच्याशी संबंध दिसत नाही. गर्भ नेमका कशामुळे दुभंगतो ते विज्ञानाला अजून पक्कं उलगडलेलं नाही. ज्यांच्या घरात अशी जुळी आहेत त्यांना पुन्हा होण्याची शक्यताही इतरांएवढीच असते.

दुसरी वाट वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची. इथे एकाच महिन्यात दोन स्त्रीबीजं सुटतात आणि दोघांचं वेगवेगळ्या शुक्राणूंकडून फलन होतं. दोन स्वतंत्र भावंडं, फक्त एकाच वेळी पोटात. आता दोन बीजं का सुटतात? मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. त्याच्यामुळे दर महिन्याला बीजांडकोशात बऱ्याच बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या छोट्या पिशव्या, वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते, तिच्यातून निघणारी संप्रेरकं एफएसएचची पातळी खाली आणतात आणि बाकीच्या पुटिका सुकून जातात. पण एफएसएच नेहमीपेक्षा थोडं जास्त असेल किंवा जरा जास्त वेळ टिकलं, तर दुसरी पुटिकाही तग धरते. दोन्ही फुटतात.

आता तुमच्या बहिणीकडे या. वय ३४ आणि दुसरं गरोदरपण. तिशी उलटली की बीजांडकोशातला साठा कमी व्हायला लागतो, पियूषिका ग्रंथीला जास्त जोर लावावा लागतो, एफएसएच वर जातं. म्हणून वेगळ्या जुळ्यांचं प्रमाण ३५ ते ३९ या वयात सगळ्यांत जास्त दिसतं, विशीतल्या मुलींत कमी. आधी बाळंतपण झालेल्या बायांमध्ये पहिलटकरणींपेक्षा ते जास्त असतं. उंच बायांमध्ये जास्त, वजन बरंच जास्त असलेल्यांमध्येही जास्त. यातल्या एकाही गोष्टीला घराण्यात जुळं असण्याची गरज नाही.

आनुवंशिकता अगदीच खोटी आहे असंही नाही. २०१६ साली मोठ्या जनुकीय अभ्यासात दोन जागा सापडल्या, एक एफएसएच बनवणाऱ्या जनुकाजवळ आणि दुसरी त्या संप्रेरकाला बीजांडकोश कसा प्रतिसाद देतो त्याच्याशी निगडित असलेल्या एसएमएडी३ या जनुकात. पण हिशेब करून बघा. आई किंवा सख्ख्या बहिणीला वेगळी जुळी असतील तर स्वतःला होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. आपल्या भागात मुळात सगळी मिळून जुळी हजार बाळंतपणांत नऊच्या आतच. त्यातली जवळजवळ निम्मी एकसारखी, म्हणजे घराण्याशी काही देणंघेणं नसलेली. उरलेल्यांची शक्यता दुप्पट केली तरी शंभरातल्या नव्व्याण्णव बाळंतपणांत अशी जुळी होणारच नाहीत. म्हणजे ज्यांच्या घरी जुळी आहेत त्यांनाही सहसा होत नाहीत, आणि ज्यांना होतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जवळच्या नात्यात आधी कोणालाच नसतात. चुलत सासूबाई ज्याला अपवाद समजून राहिल्या, तोच नेम आहे.

तर्री_पोहा

मॅडम, फार छान समजावलंत. पण मग ते पिढी सोडून येण्याचं काय? आमच्या गावाकडे एका घरात आजीला जुळी होती आणि थेट नातीला झाली.

विज्ञान_मास्तरीण

तसं दिसू शकतं. दोन बीजं सुटण्याचा गुण बाईच्याच शरीरात प्रकट होतो. आजीकडून तो मुलाकडे आला तर त्याच्यात तो दिसणार कसा? त्याच्या बायकोच्या बीजांडकोशावर त्याच्या जनुकांचा काही परिणाम होत नाही. पण तो गुण त्यानं आपल्या मुलीला दिला तर तिच्यात दिसेल. मधली पिढी पुरुषाची निघाली की उडी मारल्यासारखं वाटतं, इतकंच. पिढी सोडायचा असा काही नियम नाही. आणि यातूनच हेही निघतं की जावयांच्या सात पिढ्या तपासून काही हाती लागणार नाही.

अंबाझरीकर

आमची एकसारखी जुळी आहेत, दोन्ही मुलं, आता कॉलेजात. दोन्हीकडच्या घराण्यांत कोणालाच नव्हती, त्यानंतरही कोणाला झाली नाहीत. आम्हालाही तेव्हा हेच प्रश्न विचारले गेले. माझ्या बायकोनं सहन केलं, मी मात्र वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की डॉक्टरांना भेटा आणि त्यांना विचारा. जावयांनी पुढे होऊन बोलावं असं मला मनापासून वाटतं. बहिणीनं उत्तरं देत बसू नये.

निवृत्त_सिस्टर

अख्खी नोकरी सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये गेली माझी. दोन गोष्टी सांगते.

"आमच्यात नाही" हे लोक छातीठोक सांगतात न, ते फार धरून चालू नका. आपल्या आज्यांच्या काळी सोनोग्राफी नव्हती, बाळंतपणं घरी सुईणीच्या हातून. एक बाळ जगलं, दुसरं तासाभरात गेलं, की त्याचं नावही कोणी काढत नव्हतं. आई मनातल्या मनात ठेवायची. पेशंटच्या म्हाताऱ्या आजीनं वॉर्डात येऊन, "माय, मलेही दोन झाले होते, पण एक नाही राहिलं," असं पहिल्यांदाच सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. लेकीलाही माहीत नव्हतं. आणि आता कुठे कळते की काही वेळा सुरुवातीला दोन असतात अन् त्यातलं एक पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप विरून जाते. आज सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी होते म्हणून ते दिसते. तेव्हाच्या बायांना स्वतःलाही माहीत नसायचं.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितेच. खेड्यापाड्यांत दोन बाळं म्हणजे दोन बाप असं म्हणणारे लोक मी पाहिलेत. एकदा एक बाई जुळी घेऊन घरी जायला तयार नव्हती, इतकी घाबरली होती. दोन बीजं एकाच महिन्यात सुटतात, नवरा एकच, बाप एकच. हे प्रत्येक आशाताईनं, प्रत्येक नर्सनं गर्भवतीच्या सासूसमोर आणि नवऱ्यासमोर बोलून दाखवलं पाहिजे. एकदा बोललं की घरातलं वातावरण बदलते, माझा अनुभव आहे.

प्रसूतितज्ज्ञ_धंतोली

वरची माहिती बरोबर आहे, भर घालत नाही. पण मोगराताई, तुमची बहीण बाराव्या आठवड्यात आहे म्हणून एक गोष्ट तातडीनं सांगते. जुळी कशामुळे झाली याच्यापेक्षा आज जास्त महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: दोन बाळांना वार (म्हणजे प्लासेंटा, जिला बाळाची नाळ जोडलेली असते) एक आहे की दोन?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर डीसीडीए, एमसीडीए किंवा एमसीएमए यांपैकी काही लिहिलंय का बघा. डीसीडीए म्हणजे दोन वारी आणि पाण्याच्या दोन पिशव्या. एमसीडीए म्हणजे वार एक, पिशव्या दोन. एमसीएमए म्हणजे वारही एक आणि पिशवीही एक, हे क्वचित असतं. हा फरक ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सगळ्यांत स्पष्ट दिसतो. दोन वारी असतील तर मधला पडदा वारेजवळ जाड, त्रिकोणी दिसतो, त्याला लॅम्डा साइन म्हणतात. वार एक असेल तर पडदा पातळ असतो आणि सरळ टेकतो, तो टी साइन. पुढे वारी एकमेकींना चिकटतात, पडदे पातळ होतात, मग नक्की सांगणं अवघड जातं. रिपोर्टवर लिहिलेलं नसेल तर हा आठवडा जाऊ देऊ नका, सोनोलॉजिस्टकडून लिहून घ्या.

का म्हणून इतकं सांगते? एकाच वारेवर दोन बाळं असतील तर वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभर गरोदरपणांपैकी दहा ते पंधरांमध्ये रक्ताची वाटणी असमान होते. एका बाळाकडे जास्त जातं, दुसरं सुकत जातं. वेळेत लक्षात आलं तर आईच्या पोटातच दुर्बिणीतून लेझरनं त्या वाहिन्या बंद करता येतात. लक्षात यायचं असेल तर १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. दोन वारी असतील तर ही भीती नाही, साधारण दर चार आठवड्यांनी पुरते. हेच माहीत नसेल तर तपासण्या कशा ठरवणार?

संत्र्याची_बाग

मला वेगळंच विचारायचं आहे, कोणी रागावू नका. मला पीसीओएस आहे, म्हणजे बीज नियमित सुटत नाही, लग्नाला बरीच वर्षं झाली. एकाच बाळंतपणात दोन झाली तर किती बरं, असं मनात येतं. जोडकेळं खाल्लं की जुळी होतात म्हणतात, दूध-पनीर जास्त खाल्लं तरी होतात असंही वाचलं. आणि मैत्रीण म्हणते की बीज सुटण्यासाठी क्लोमिफीनच्या गोळ्या घे, मेडिकलमध्ये मिळतात. केरळात एक गाव आहे म्हणे जुळ्यांचं, तिथे काय खातात?

विज्ञान_मास्तरीण

रागावण्यासारखं काहीच नाही. जोडकेळ्याचा काही संबंध नाही, बिनधास्त खा. दुधाचं असं की २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांचा अभ्यास आला होता. दूधदुभतं अजिबात न घेणाऱ्या बायांमध्ये जुळ्यांचं प्रमाण इतरांच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं दिसलं. कारण म्हणून दुधामुळे शरीरात वाढणाऱ्या एका वाढघटकाकडे बोट दाखवलं गेलं. पण त्यावरून "पनीर खा, जुळी होतील" असं काही निघत नाही. आपल्याकडे घरोघरी दूधदही असतं, तरी जुळी कमीच.

फॉलिक ॲसिडनं जुळी होतात अशीही भीती पसरली होती. चीनमध्ये दोन लाखांहून जास्त बायांच्या नोंदी तपासल्या, २००३ मध्ये निष्कर्ष आला, वाढ आढळली नाही. त्यामुळे ती गोळी कोणीही बंद करू नये.

केरळातलं गाव मलप्पुरम जिल्ह्यातलं कोडिन्ही. तिथे जुळ्यांच्या शेकडो जोड्या आहेत हे खरं. संशोधकांनी नमुने नेले, पण सर्वमान्य कारण हाती आलेलं नाही. खाणं तर आजूबाजूच्या गावांसारखंच आहे. जगात सगळ्यांत जास्त जुळी नायजेरियाच्या नैऋत्येकडच्या योरुबा लोकांत होतात. तिथेही रताळ्यासारख्या कंदाला श्रेय देतात, ते सिद्ध झालेलं नाही.

प्रसूतितज्ज्ञ_धंतोली

संत्र्याची बाग, तुमची ओढ समजते. रोज ओपीडीत अशा मुली भेटतात आणि मला त्यांच्याबद्दल फार वाटतं. म्हणूनच स्पष्ट सांगते, मेडिकलमधून स्वतःहून क्लोमिफीन आणू नका.

ही औषधं एफएसएच वाढवूनच काम करतात. क्लोमिफीनवर राहिलेल्या शंभर गरोदरपणांत साधारण सात जुळी निघतात. लेट्रोझोल या दुसऱ्या गोळीवर त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी, आणि पीसीओएसमध्ये बाळ होण्याच्या दृष्टीनं ते जास्त चांगलं ठरलंय. इंजेक्शनांनी तर आणखी वाढतं, तिळीही होतात. म्हणून आम्ही फॉलिक्युलर स्टडी करतो, म्हणजे एक दिवसाआड सोनोग्राफी करून किती पुटिका वाढल्या ते मोजतो. जास्त वाढल्या तर त्या महिन्यात थांबायला सांगतो. गोळी सोपी असते, ही देखरेख सोपी नसते.

टेस्ट ट्यूब बेबीबद्दलही विचारतात. तिथे जुळी मुख्यतः दोन गर्भ सोडल्यामुळे होतात. एकच सोडला तरी शंभरातल्या एखाद्या वेळी तो आत जाऊन दुभंगतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगात जुळ्यांचं प्रमाण दर हजार बाळंतपणांत नऊवरून बारावर गेलं, २०२१ मध्ये जगभरची आकडेवारी एकत्र करून हे मांडलं गेलं. त्याची दोन मोठी कारणं हीच: उपचार, आणि उशिरा होणारी बाळंतपणं. एका बाळंतपणात दोन ही बचत नाही. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. आईला रक्तदाब, रक्तक्षय, मधुमेह, जास्त रक्तस्राव, सगळ्याचीच शक्यता वाढते. आपलं ध्येय एक निरोगी बाळ. दोन झाली तर सांभाळू, पण मागून घेऊ नये.

रेशीमबाग_आई

डॉक्टरांच्या प्रत्येक शब्दाला माझी सही. मला अशाच गोळ्या दिल्या होत्या, एका दवाखान्यात, नाव घेत नाही. फॉलिक्युलर स्टडी काय असते ते कोणी सांगितलं नाही. गोळ्या घ्या आणि महिनाभरानं या, इतकंच. जुळी राहिली आणि ३३ आठवड्यांत झाली. दोघांनाही काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, मी बाहेर बाकावर बसून दूध पिळून आत पाठवायची. खर्चाचं तर बोलूच नये, यांनी पीएफ काढला. आज मुलं ठणठणीत आहेत, धावतात, भांडतात. पण ते दिवस आठवले की आजही छातीत कळ येते. संत्र्याची बाग, बाई गं, डॉक्टर नीट निवड. पहिल्या भेटीतच विचार, पुटिका किती वाढल्या ते बघणार ना?

संत्र्याची_बाग

ताई, डॉक्टर, मॅडम, सगळ्यांचे आभार. मैत्रिणीलाही हा धागा पाठवते आहे.

मोगरा_मानेवाडा

सगळ्यांना काय म्हणू! रिपोर्ट शोधून काढला. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय: डीसीडीए, लॅम्डा साइन दिसते. वाचून जीव भांड्यात पडला. कालच आम्ही तिघं बसलो, मी, बहीण आणि जावई. मास्तरीणबाईंचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. जावयांनी तिथूनच चुलत सासूबाईंना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, "काकू, तिचं वय आणि दुसरं बाळंतपण, हे पुरेसं कारण आहे. औषध नाही घेतलं. यापुढे विचारायचं असेल तर मला विचारा."

दोन शंका राहिल्या. वारी दोन आहेत म्हणजे ही वेगळी जुळीच ना? आणि चंद्रपूरला सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरवून राहिले, नंतर बाळंतपणाला ती इकडे येईल. चालेल का?

प्रसूतितज्ज्ञ_धंतोली

पहिलीचं उत्तर: बहुतेक वेगळीच, पण नक्की नाही. एकसारख्या जुळ्यांचा गर्भ पहिल्या दोन-तीन दिवसांतच दुभंगला तर त्यांनाही दोन स्वतंत्र वारी मिळतात. एकसारख्या जुळ्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा असाच असतो. जन्मल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी निघाली तर वेगळी हे उघडच आहे. दोन्ही मुलं किंवा दोन्ही मुली असतील आणि जाणून घ्यायचं असेल तर डीएनए तपासणी हाच पक्का मार्ग. पोटात असताना लिंग सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तो प्रश्न कोणालाही विचारायचा नाही. देखभालीच्या दृष्टीनं दोन वारी हेच आपल्याला हवं होतं, ते मिळालं.

केवळ जुळी आहेत म्हणून पूर्ण झोपून राहा, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घाला, असं कोणी सुचवलं तर कारण विचारा. सरसकट सगळ्यांना त्याचा फायदा होत नाही, त्याची कारणं असावी लागतात. सिझेरियनही ठरलेलंच असतं असं नाही. पहिलं बाळ डोक्याकडून खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. गुंतागुंत नसेल तर ३७-३८ आठवड्यांपर्यंत नेता येतं. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब दर भेटीत बघून घ्या. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर पाणी जाणं, पोट थांबून थांबून घट्ट होणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता निघायचं.

निवृत्त_सिस्टर

डोहाळजेवणाचं मी सांगते. चंद्रपूर इथून दीडशे किलोमीटर. सातव्या महिन्यात जुळ्यांच्या बाईला गाडीत हलवू नका, कळा लवकर सुरू होऊ शकतात. सासरच्या मंडळींनाच नागपूरला बोलवा, ओटी इथेच भरा. बाळंतपण जिथे करणार तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे की नाही, आणि दोन बाळांना जागा मिळेल का, ते आत्ताच जाऊन विचारून या. खासगीत परवडत नसेल तर मेडिकल, मेयो, डागा हे सरकारी दवाखाने आहेत, नाव आधीच नोंदवून ठेवा. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी फुकट असते, तो नंबर जावयांच्या मोबाइलमध्ये आणि शेजारच्या घरीही लिहून ठेवा. सहाव्या महिन्यानंतर तिला एकटीला रात्री घरात ठेवू नका.

मोगरा_मानेवाडा

सिस्टर, मानेवाड्याला आमच्याच घरी करतो मग डोहाळजेवण. उद्या जावयांना घेऊन दवाखान्यात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं विचारायला जाते.